पडवळीचा शब्द

गानू सरांचं मराठी फार शुद्ध होतं आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. साधं 'पासवर्ड' म्हणाले असते तर मांडोळीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण जन्मभर पनवेलच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला आणि आता वडिलांच्या सुपारीच्या वाडीत येऊन राहिलेला माणूस तो. सोपं बोलेल तर शपथ.

शाळा सुटली की समाजमंदिराच्या माडीवर सर छंदवर्ग घ्यायचे. चित्रं, बुद्धिबळ, नकाशे, मातीची भांडी, कधी नुसत्या गोष्टी. आया कामावरून येईपर्यंत पोरं तिथे असायची. फी नाही, गृहपाठ नाही, त्यामुळे माडी कायम भरलेली. वर्ग सुरू व्हायच्या आधी सर दुपारभर ओटीवर बसून बायकोच्या, म्हणजे अनुसूयाकाकूंच्या, स्वयंपाकातल्या चुका काढत असत. वर्ग सुरू झाला आणि दोघांचंही आयुष्य सुधारलं. काकू म्हणायच्या, "त्या माडीला काही झालं तर मी माहेरी जाईन." आणि माडी होती गावच्या मंडळाची, मंडळाचा अध्यक्ष होता धनेशशेठ, आणि त्याच्या एका शब्दावर ती सरांना फुकट मिळाली होती. हे सरांना ठाऊक होतं. धनेशशेठलाही ठाऊक होतं, आणि तो ते दर भेटीत आठवणीने बोलून दाखवायचा.

तर भाद्रपदातल्या एका संध्याकाळी गोदू हरवली.

गोदू म्हणजे कल्पिताची पहिलीतली मुलगी. शेजारचा मोरू वर्गाच्या दारात आला, म्हणाला, "चल गं, तुझ्याच घरावरून जातोय," आणि तिला घेऊन निघाला. वाटेत बाजारात त्याला ताजे बोंबील दिसले. त्याने भाव केला, बोंबील घेतले, पिशवीला गाठ मारली आणि घरी गेला. गोदू राहिली बाजारात. इकडे कल्पिता विहिरी बघत, खाडीकडे धावत, रडून अर्धी झाली. शेवटी गोदू सापडली ती एका कोळणीच्या शेजारी उपड्या टोपलीवर बसून माशा हाकताना. घरी यायला तयार नव्हती. गावाने मोरूला यथेच्छ शिव्या घातल्या, आणि दुसऱ्याच दिवशी हाच मोरू भलत्याच कुणाच्या तरी पोराचा हात धरून "चल, तुझ्याच घरावरून जातोय" म्हणत पुन्हा दारात हजर.

गावाचं हे असंच. जो तो सगळ्यांचा काका. "सर, मी हिचा मामा." कुठला मामा? तर आईच्या माहेरच्या गावचा आहे, म्हणून मामा. त्यात फोनवर पोरं पळवणाऱ्या टोळीच्या बातम्या फिरत होत्या, आणि एका बिचाऱ्या चादरवाल्याला लोकांनी नाक्यावर दुपारभर बसवून ठेवला होता. सरांना त्याचा संताप आला. अनोळखी माणसाला पकडून बसवतात आणि ओळखीच्याला बोंबलाच्या भावात पोरं देऊन टाकतात, असं ते काकूंना म्हणाले. काकू म्हणाल्या, मग मला काय सांगता, पोरांच्या आयांना सांगा.

म्हणून सरांनी नियम केला. फळ्याजवळ उभं राहून त्यांनी घोषणा केली, "उद्या प्रत्येकाने घरून एक परवलीचा शब्द ठरवून यायचं. परवलीचा शब्द असल्याशिवाय कुणालाही इथून सोडलं जाणार नाही." पोरांनी माना डोलावल्या. पोरं माना डोलावतात तेव्हा मास्तराने घाबरायला हवं. पण सरांचा आपल्या शब्दांवर फार विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी गोदू आली ती तिच्या उंचीएवढं पडवळ घेऊन. तिच्यामागे अंबाजी कोळ्याची जुळी, त्यांच्याकडे दोन पडवळं. मग आणखी एक. मग एकजण रडत आला, कारण त्याच्या घरच्या वेलाचं पडवळ अजून बोटभरच होतं. माडीवर पडवळांचा ढीग झाला. खालून कल्पिता विचारत होती, "सर, एक बास ना? पोरगी म्हणाली, पडवळीचं काहीतरी असल्याशिवाय सोडणार न्हाय."

सर फळ्याला टेकून उभे राहिले. मग त्यांनी पोरांना सगळं पुन्हा, अगदी सोपं करून सांगितलं. घरून तुम्हाला न्यायला जो येणार, त्याच्याशी सकाळी एक शब्द ठरवायचा. इथे आलात की तो माझ्या कानात सांगायचा. न्यायला येणाऱ्याने तोच शब्द सांगितला तरच तुम्ही जायचं. शब्द चुकला तर तो राजा असला तरी जायचं नाही. "आणि नीट ऐका," सर म्हणाले, "शब्द तुमचा आहे. माझा नाही, आईचा नाही, बाबांचा नाही. वाटलं तर रोज बदला. तुम्ही सांगाल तोच खरा."

एवढं सगळं समजावूनही गावात त्याला 'पडवळ' हेच नाव पडलं ते पडलंच. "आज आमच्या पोराचं पडवळ काय गं?" अशी बायका नळावर एकमेकींना विचारू लागल्या. अनुसूयाकाकूंनी आठवडाभर पडवळाची भाजी केली, पडवळाची भजी केली, पडवळ घालून कढी केली, आणि सरांनी एकदाही चूक काढली नाही. काढायला तोंडच नव्हतं.

नियमाची अंमलबजावणी म्हणजे रोजची करमणूक. अंबाजी कोळ्याचा आवाज समुद्रावर बोलून बोलून असा झालेला, की तो गुपित सांगायला लागला तर बंदरावर ऐकू जायचं. तो रस्त्याच्या पलीकडून ओरडायचा, "सर, घोळ! घोळ मासा हाय आमचा शब्द, पाठवा जुळ्यांना!" सर कपाळाला हात लावून म्हणायचे, "अंबाजी, अहो, सगळ्या आळीला कळला." अंबाजी म्हणायचा, "कळू द्या की, आपलीच माणसं हाईत." एका आजोबांना शब्द कधीच आठवायचा नाही, ते जिन्यात उभे राहून बाजारातल्या सगळ्या भाज्या ओळीने म्हणायचे आणि नात वरून "पुढे, आजोबा, पुढे" करत त्यांना वांग्यापर्यंत आणायची. एका बाईचा सासूवरून नवऱ्याशी वाद झाला होता, तर तिने पोराला शब्द दिला 'कजाग सासू', आणि न्यायला नेमकी सासूच आली. त्या दिवशी पोर फारच उशिरा घरी गेलं.

लोक हसत होते, कुरकुरत होते, पण पाळत होते. न पाळणारा एकच. धनेशशेठ.

धनेशशेठचे न्हावा शेव्याला ट्रेलर चालायचे. धाकटा भाऊ जीवन त्यातलाच एक ट्रेलर चालवायचा, त्यामुळे तो महिन्यातून पाहुण्यासारखा घरी यायचा. जीवनची मुलगी प्राप्ती तिसरीत, सरांच्या वर्गातली सगळ्यात तल्लख. रायगडातले सगळे तालुके, मागितले तर उत्तरेकडून, मागितले तर दक्षिणेकडून. तिला न्यायला आई अमिषा यायची, नाही तर आजी सोनूबाई. धनेशशेठ गावात असला की तो यायचा, बुलेटवर. त्या बुलेटला त्याने ट्रेलरचा हॉर्न लावून घेतला होता. तो वाजला की माडीवरच्या मातीच्या हत्तींच्या सोंडा गळून पडायच्या.

पहिल्यांदा तो आला तेव्हा जिन्याखालूनच म्हणाला, "सर, ते तुमचं पडवळ. सुरमई. पाठवा पोरगीला."

सर प्राप्तीकडे वळले. आल्या आल्या तिने कानात 'सुरमई' असंच सांगितल्याचं त्यांना आठवत होतं. पण प्राप्तीने मान हलवली. "चुकला," ती म्हणाली.

धनेशशेठ हसला. अमिषाला फोन लागला. अमिषा फोनवर म्हणाली, "अहो सर, काका आहेत तिचे. पाठवा ना." खाली बुलेट धडधडत होती, माडी मंडळाची होती, सर ओशाळले आणि म्हणाले, "जा बाळ. उद्यापासून शब्द नीट लक्षात ठेव." प्राप्ती जिना उतरली.

पुढच्या वेळी पुन्हा तेच. धनेशशेठ म्हणाला 'कोकम', प्राप्ती म्हणाली चुकला, अमिषा म्हणाली पाठवा, सरांनी पाठवली. वर तिला दोन शब्द सुनावलेसुद्धा: सगळे तालुके पाठ करणाऱ्या मुलीला एक शब्द लक्षात राहू नये? रात्री जेवताना त्यांनी काकूंनाही तेच सांगितलं. काकू ताक वाढता वाढता थांबल्या. "आई येते तेव्हा आठवतो का तिला?"

"आठवतो."

"आजी येते तेव्हा?"

"तेव्हाही."

काकूंनी ताक वाढलं आणि त्या पुढे काही बोलल्या नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाई काही बोलत नाही तेव्हा ती काय म्हणते ते नवऱ्याला बरोबर कळतं. सरांनी ताट बाजूला सारलं.

तिसऱ्या वेळी हॉर्न वाजला तेव्हा सर प्राप्तीकडेच बघत होते. ती रेवसचा धक्का रंगवत होती. हॉर्न ऐकला आणि तिने ब्रश खाली ठेवला. ठेवला म्हणजे तो तिच्या हातातून सुटलाच. सर तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले. गुडघे वाजले.

"आजचा शब्द काय, बाळ?"

"सकाळी पिंपळ होता."

"आणि आता?"

"आता नाही. बदलला."

"कधी बदललास?"

"हॉर्न वाजला तेव्हा." मग तिने सरांकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तेच तिला रागावणार आहेत. "तुम्हीच म्हणालात ना, शब्द आमचा. वाटलं तर बदला."

"म्हणालो. का बदललास?"

प्राप्तीने खाली बघून सांगितलं. बांधावर आलं की काका तिला पुढे टाकीवर बसवतात आणि हँडल तिच्या हातात देतात. स्वतः मागे बसून फोनवर बोलतात. तिचे पाय कुठेच टेकत नाहीत. एका बाजूला खाडी असते. ती रडली की म्हणतात, भित्री, आपल्या घरात ड्रायव्हर जन्मतात आणि ही बघा. त्यांच्या तोंडाला वास येतो. एकदा चाक चिखलात सरकलं, तेव्हा तिने डोळे मिटले होते. घरी सांगायचं नाही म्हणून ते कॅडबरी देतात.

"आईला सांगितलंस?"

"दोनदा. आई म्हणाली, काका लाड करतात तुझे."

सरांना तो बांध चांगला माहीत होता. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला, माथ्यावर जेमतेम एक रिक्षा जाईल एवढा रस्ता, पावसात तेलासारखा गुळगुळीत. भूगोलाचा मास्तर तो, खाडीची खोली त्याला कुणी सांगायला नको होती. दोन वेळा आपण हिला त्या गाडीवर आपल्या हाताने चढवलं, हे त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की काही क्षण उठताच येईना. अर्थात त्यात गुडघ्यांचाही भाग होता.

मग ते उठले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. धनेशशेठला आयुष्यात आजवर त्यांनी फक्त 'होय' आणि 'आभारी आहे' एवढंच म्हटलं होतं.

"पिंपळ," धनेशशेठ खालून म्हणाला.

"चुकला," सर म्हणाले.

"काय सर, दर टायमाला काय हे? बरं, आंबा."

"चुकला."

तोवर बाकीच्या पोरांना न्यायला आलेली माणसं जमली होती, आणि मांडोळीत चार माणसं जमली की सल्ला फुकट. "शेठ, माशांतला असेल," मोरू म्हणाला. अंबाजीने रस्त्यापलीकडून "पापलेट" सुचवलं आणि ते पार बंदरावर पोचलं. कुणी म्हणालं मोदक, कुणी म्हणालं बटाटा. वांग्याच्या आजोबांनी आपली पूर्ण भाजी मंडई म्हणून दाखवली. धनेशशेठ प्रत्येक शब्द सरांकडे बघून म्हणायचा, सर वळून प्राप्तीकडे बघायचे, प्राप्ती मान हलवायची, आणि सर पुन्हा समोर बघून म्हणायचे, "चुकला." लोकांना मजा वाटत होती. धनेशशेठला आधी वाटली, मग वाटेनाशी झाली.

"सर," तो शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "ही माडी कुणाची हाय?"

"मंडळाची."

"आणि मंडळाचा अध्यक्ष?"

"तुम्ही."

"मग?"

सरांना माडी दिसली, नकाशे दिसले, दुपारभरची ती रिकामी ओटी दिसली. "मग काही नाही," ते म्हणाले. "माडी तुमची आहे. मुलगी नाही म्हणते आहे. मी तिला तुमच्याबरोबर पाठवणार नाही."

कुणी हसलं नाही. धनेशशेठने फोन काढला आणि घरी लावला. थोड्याच वेळात मिनिडोर रिक्षातून अमिषा आणि सोनूबाई उतरल्या. अमिषाच्या हाताला अजून पीठ लागलेलं होतं. सोनूबाई उतरता उतरताच सुरू झाल्या, "मास्तर, काय हाय ह्यो तमाशा? माज्या सोन्यासारक्या पोराला चोर ठरवताव? आमचीच नात आन् आमालाच न्हाय?"

"सर, पिंपळ," अमिषा दमून म्हणाली. "सकाळी मीच ठरवला तिच्याशी. पाठवा आता."

सरांनी प्राप्तीकडे पाहिलं. ती सरांच्या मागून पुढे येऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली. रडत नव्हती. तिने आईकडे बघितलं आणि मान हलवली.

"तुझाही चुकला, आई," ती म्हणाली. "तू मला काकांबरोबर पाठवणार असशील तर तुझाही चुकला."

आता काय झालं ते सगळ्यांना सांगायला हवं होतं, आणि सरांनी तोंड उघडलंही. पण प्राप्ती त्यांच्यासाठी थांबली नाही. आधी सरांना जे खालच्या आवाजात सांगितलं होतं तेच तिने तालुके म्हणतात तसं स्पष्ट, सगळ्यांसमोर सांगितलं: बांध, टाकी, हँडल, फोन, वास, चिखल, कॅडबरी. खालची माणसं ऐकत होती. अंबाजीसुद्धा गप्प होता.

"अरे, गंमत करतो तिच्याशी," धनेशशेठ म्हणाला. "पोरीची जात, थोडी धीट व्हायला नको? आमी आट वर्षांचे होतो तवा..."

"तवा तू म्हशीवरून पडून हात मोडून घेतलास," सोनूबाई म्हणाल्या. त्या लेकाच्या अगदी जवळ गेल्या, त्याच्या तोंडाचा वास घेतला, आणि बुलेटची चावी काढून कमरेला खोचली. एवढा मोठा शेठ, पण आईच्या कमरेतून चावी काढून घ्यायची त्याची हिंमत झाली नाही.

"उद्यापासून माडीला कुलूप," तो सरांना म्हणाला आणि पायी निघाला. चिखलात त्याचे पांढरे बूट पचपचत गेले.

"मग उद्या वर्ग कुठे, सर?" गोदूने विचारलं.

"आमच्या वाडीत," सर म्हणाले, आणि अनुसूयाकाकूंना न विचारता आपण काय बोलून बसलो ते कळून पहिल्यांदा खरे घाबरले.

अमिषा मात्र तिथेच उभी होती. पिठाचा हात पदराला पुसत राहिली. मग एकेक पायरी चढून वर आली आणि लेकीच्या खालच्या पायरीवर बसली, म्हणजे दोघींची तोंडं एका उंचीवर आली.

"दोनदा सांगितलंस ना गं तू मला," ती म्हणाली. प्राप्तीने मान डोलावली. अमिषाने तोंडावर हात ठेवला आणि भरपूर रडली. सर नकाशाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना तिथे काही दिसत नव्हतं.

"आता आपण चालत जाऊ," अमिषा शेवटी म्हणाली. "रोज. मीच येईन. उशीर झाला तरी थांब, पण मीच येईन."

प्राप्तीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, कोड्याचं उत्तर तपासावं तसं. मग ती सरांकडे वळली.

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली, आणि आईचा हात धरला.